घरातल्या गेम्सची वही

लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत आपल्या घरांमध्ये अजून टिकून आहे. मोठ्या कार्याला चार घरची पातेली एकत्र येतात आणि कार्य उरकल्यावर कोणतं कोणाचं हे त्या नावावरून कळतं. घरात ताटं किती, मोठं पातेलं सध्या कोणाकडे गेलंय, हे आजीला माळ्यावर न चढताही सांगता येतं.

आता घरातल्या तरुण मंडळींना विचारून बघा, "तुझ्याकडे व्हिडिओ गेम किती आहेत?" बहुतेक वेळा आधी हसू येईल, मग उत्तर येईल, "स्टीमवर साठ-सत्तर असतील. एपिकवर फुकटातले बरेच आहेत. दोन-तीन जीओजीवर. प्लेस्टेशनचे वेगळे. आणि हो, दादाच्या जुन्या अकाउंटवर पण काही आहेत." ते अकाउंट कोणत्या ईमेलवर आहे असं विचारलं, तर मात्र शांतता.

हा प्रश्न केवळ टापटीपीचा नाही. या गेम्सवर घरातले पैसे खर्च झालेले असतात आणि कित्येक सुट्ट्यांचे तास त्यांत गेलेले असतात. शिवाय डब्यातल्या सीडीसारखे ते हातात धरता येत नाहीत. त्यामुळे काय आहे, कुठे आहे आणि कोणाच्या नावावर आहे, हे कुठेतरी लिहून ठेवणं ही जमाखर्चाच्या वहीइतकीच साधी गरज आहे.

एका कपाटाची झाली सात कपाटं

एके काळी पीसीवरचा गेम म्हणजे खोक्यातली सीडी. मित्राला दिली तर त्याच्याकडे, नाही तर आपल्या कपाटात. व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' सुरू केलं आणि हे चित्र बदलू लागलं. सुरुवातीला ते प्रामुख्याने कंपनीच्या स्वतःच्या गेम्सना अपडेट पुरवण्यासाठी होतं. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला. तो दुकानातून डिस्कवर घेतला, तरी खेळण्यासाठी स्टीमचं अकाउंट काढावंच लागे. गेम अकाउंटला बांधला जाण्याची सवय खेळाडूंना तिथून लागली.

पुढे दुकानं वाढत गेली. जुने गेम नव्या संगणकांवर चालावेत म्हणून पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये जीओजी सुरू केलं. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक गेम्स स्टोअर आलं. मोठ्या प्रकाशकांनी आपापले लाँचर काढले : ईएचं अ‍ॅप, युबिसॉफ्ट कनेक्ट, बॅटल डॉट नेट. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स अ‍ॅप वेगळं. घरात कन्सोल असेल तर प्लेस्टेशनचं किंवा निन्टेन्डोचं दुकान आणखी वेगळं.

गंमत अशी की ही कपाटं एकमेकांत उघडतातही. युबिसॉफ्टचा गेम स्टीमवर विकत घेतला, तरी चालवताना बहुधा युबिसॉफ्ट कनेक्टमध्ये लॉगिन करावं लागतं. अ‍ॅमेझॉन प्राइमच्या सदस्यत्वावर मिळालेला एखादा गेम प्रत्यक्षात कोड म्हणून येतो आणि जाऊन बसतो जीओजीच्या नाही तर एपिकच्या लायब्ररीत. हंबल बंडलमधून घेतलेल्या संचातली एखादी 'की' ईमेलमध्ये तशीच पडून राहते, कारण ती स्टीमवर टाकायचं राहून गेलेलं असतं. अशा काही कीजना मुदतही असते.

त्यात फुकट गेम्सची भर. एपिकवर दर गुरुवारी नवा गेम फुकट मिळतो. आपल्याकडे ती वेळ उन्हाळ्यात रात्री साडेआठची आणि हिवाळ्यात साडेनऊची. एकदा घेतला की तो अकाउंटवर कायम राहतो. मे २०२० मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, 'जीटीए ५' असा फुकट मिळू लागला तेव्हा एवढी गर्दी उसळली की ते स्टोअरच काही तास कोलमडलं. गुरुवारी बटण दाबून ठेवलेले असे किती गेम आपल्या नावावर साचलेत, हे फार थोड्यांना माहीत असतं.

एकच गेम दोनदा, आणि न जुळणारे जोड

या विखुरण्याचा पहिला फटका खिशाला बसतो. हिवाळी सेलमध्ये सत्तर टक्के सवलत दिसली की हात आपोआप पुढे जातो, आणि तोच गेम वर्षापूर्वी दुसऱ्या दुकानातून फुकट घेतलेला असतो. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. पण त्यासाठी तो गेम आपल्याकडे आधीपासून आहे, हे त्या १४ दिवसांत लक्षात यायला हवं.

दुसरा घोटाळा अधिक चकवणारा आहे. 'सिव्हिलायझेशन ६' मे २०२० मध्ये एपिकवर फुकट होता. अनेकांना त्याची गोडी तिथेच लागली. अशा खेळाडूला पुढे स्टीमच्या सेलमध्ये त्याच गेमचा विस्तार, म्हणजे डीएलसी, स्वस्तात दिसला आणि त्याने तो घेतला, तर तो एपिकवरच्या मूळ गेमला जोडला जात नाही. डीएलसी ज्या दुकानातला, मूळ गेमही त्याच दुकानातला लागतो. मिक्सरचं भांडं एका कंपनीचं आणि मोटर दुसऱ्या कंपनीची, अशातला प्रकार.

सेव्ह केलेल्या खेळाचंही तेच. एका दुकानाच्या क्लाउडवर ठेवलेली प्रगती दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या प्रतीत बहुतेक गेम्समध्ये आपोआप येत नाही. म्हणून 'गेम आहे' एवढं माहीत असणं पुरत नाही. कोणत्या दुकानातला आहे, हेही माहीत असावं लागतं.

'माझा' म्हणजे नेमकं काय?

पैसे दिले म्हणजे वस्तू आपली, असं आपण धरून चालतो. डिजिटल गेमच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा वापरण्याचा परवाना घेत असतो. स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून तसं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला : ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर 'विकत घ्या' म्हणताना ते उघडपणे सांगितलं पाहिजे. तो कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

परवाना आणि मालकी यांतला फरक 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमने जगाला दाखवला. युबिसॉफ्टने तो २०१४ मध्ये आणला होता. एकट्याने खेळायचा भाग असूनही तो सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजलेल्या लोकांचाही गेम चालेनासा झाला. त्यानंतर अनेकांच्या लायब्ररीतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाकडे या प्रश्नावर दिलेल्या निवेदनावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. गूगलने आपली 'स्टेडिया' सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा ग्राहकांना गेम्सचे पैसे परत दिले. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरची विक्री थांबवली. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चं दुकान बंद केलं. दोन्ही ठिकाणी आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय मात्र ठेवली. म्हणजे ज्यांना आपल्याकडे काय होतं हे माहीत होतं, त्यांना ते परत मिळवता आलं.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि जुन्या खेळाडूंना आपला साठा ठरावीक मुदतीत नव्या गेममध्ये हलवता आला. त्यासाठी जुनं अकाउंट कोणत्या लॉगिनला जोडलेलं आहे, हे आठवणं भाग होतं.

तेव्हा आपल्याकडचे गेम साधारण चार प्रकारांत बसतात. पहिला, दुकानाच्या परवान्यावर चालणारा : स्टीम, एपिक, प्लेस्टेशन अशा ठिकाणचे बहुतेक गेम यात येतात. दुसरा, खरोखर जवळ ठेवता येणारा : जीओजी आपल्या गेम्सची इन्स्टॉल फाइल देतं, ती हार्ड डिस्कवर ठेवली की चालवायला दुकानाची परवानगी लागत नाही. तिसरा, सदस्यत्व असेपर्यंतचा : एक्सबॉक्स गेम पास किंवा प्लेस्टेशन प्लसवरचे गेम वर्गणी थांबली की बंद, आणि गेम पासवरचे काही तर वर्गणी चालू असतानाही यादीतून निघून जातात. चौथा, सर्व्हर चालू असेपर्यंतचा : बीजीएमआयसारखे पूर्ण ऑनलाईन गेम. दिसायला हे सगळे एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी असतात, पण त्यांचं आयुष्य सारखं नसतं. यादीत हा फरक नोंदवला नाही, तर ती निव्वळ नावांची माळ होते.

यादी आपोआप करणारी साधनं

सगळी नावं हाताने लिहायची गरज नाही. विंडोजवर 'प्लेनाइट' हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मिळतं. स्टीम, एपिक, जीओजी, ईए, युबिसॉफ्ट, एक्सबॉक्स अशी अकाउंट त्याला जोडली की सगळे गेम एका पडद्यावर दिसतात, आणि ही यादी आपल्याच संगणकावर राहते. इन्स्टॉल केलेले, न केलेले, कधीच न उघडलेले, दोन ठिकाणी असलेले, असं हवं तसं वेगळं करून बघता येतं.

'जीओजी गॅलक्सी' हेही असंच काम करतं. त्यातल्या काही जोडण्या हौशी स्वयंसेवकांनी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे एखादं दुकान बदललं की मधूनच तुटतात आणि पुन्हा जोडाव्या लागतात. लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांसाठी 'हिरोइक' आहे. त्यात एपिक, जीओजी आणि अ‍ॅमेझॉनचे गेम दिसतात.

याखेरीज दोन संकेतस्थळं उपयोगी पडतात. 'इज देअर एनी डील' वेगवेगळ्या दुकानांतल्या किमती शेजारी ठेवतं. आपला संग्रह तिथे नोंदवला, तर गेम आधीच आपल्याकडे असल्याचंही दाखवतं. 'हाऊ लाँग टू बीट' एखादा गेम पूर्ण करायला साधारण किती तास लागतात ते सांगतं. बारावीच्या वर्षात साठ तासांचा गेम हाती घ्यायचा की आठ तासांचा, हे ठरवायला तेवढी माहिती पुरते.

एक काळजी घ्या. अशा साधनाला अकाउंट जोडणं म्हणजे त्याला घरात बोलावणं. प्रसिद्ध, बरीच वर्षं वापरात असलेलं साधन निवडा, त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, आणि प्रत्येक दुकानाच्या अकाउंटवर दोन टप्प्यांचं लॉगिन चालू ठेवा.

तरीही स्वतःची वही हवी

आपण बडोदेकरांना यादीचं महत्त्व नव्याने सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावलं आणि बडोदा संस्थानात सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं केलं. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ठाऊक आहे की वाचनालयाची नोंद तीन प्रश्नांची उत्तरं देते : पुस्तक आहे का, कोणत्या फळीवर आहे, आणि सध्या कोणाकडे आहे.

प्लेनाइटसारखं साधन पहिल्या दोन प्रश्नांना उत्तम उत्तर देतं. तिसऱ्याला नाही. हे अकाउंट बाबांच्या ऑफिसच्या ईमेलवर काढलं होतं का? त्याचा कोड कोणाच्या फोनवर येतो? हे त्याला माहीत नसतं. म्हणून गूगल शीट असो, एक्सेल असो की शंभर पानी वही, एक छोटी नोंद स्वतःची हवी. तिचे दोन भाग करा.

पहिला भाग अकाउंटचा. हा फार तर दहा ओळींचा होईल. दुकानाचं नाव, अकाउंटचं नाव, जोडलेला ईमेल, जोडलेला मोबाईल नंबर, घरात ते कोण वापरतं, आणि दोन टप्प्यांच्या लॉगिनचा राखीव कोड कुठे ठेवला आहे. पासवर्ड इथे लिहू नका, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर वापरा. राखीव कोड कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला तर उत्तम.

दुसरा भाग गेम्सचा. प्लेनाइटमध्ये यादी असेल, तर इथे फक्त पैसे देऊन घेतलेले आणि जीव जडलेले गेम लिहा. नाव, दुकान, वर सांगितलेल्या चारांपैकी प्रकार, डीएलसी घेतलं असल्यास ते, आणि खेळून झालाय का. उदाहरणार्थ, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये पीसीवर आणि कन्सोलवरही आला. तो घरात पीसीवर घेतला आहे की कन्सोलवर, आणि कोणाच्या अकाउंटवर, एवढी एक ओळ असली की धाकटीला खेळायचा असेल तेव्हा शोधाशोध होत नाही.

घरातल्या घरात

आपल्या घरांमधली मुलं शिकायला आणि नोकरीला बाहेर जातात. कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला, कोणी परदेशी. जाताना पुस्तकांचं कपाट मागे राहतं आणि धाकट्यांच्या कामी येतं. गेम्सचं कपाट मात्र दादाच्या फोनबरोबर निघून जातं.

यावर स्टीमची 'फॅमिलीज' ही सोय सप्टेंबर २०२४ पासून सर्वांना खुली आहे. एकाच घरात राहणारी जास्तीत जास्त सहा माणसं तीत सामील होऊ शकतात. प्रत्येकाचं अकाउंट वेगळं राहतं, सेव्ह वेगळा राहतो, पण एकमेकांचे बरेचसे गेम खेळता येतात. दोघांना एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळता येतात. एकच गेम एकाच वेळी खेळायचा असेल, तर प्रती दोन लागतात. आई-बाबांना मुलांच्या अकाउंटवर वेळेची मर्यादा घालता येते. मूल खरेदीची विनंती पाठवू शकतं आणि पैसे मोठे भरू शकतात.

तिचे नियम मात्र आधी वाचा. एका कुटुंबातून बाहेर पडलं, तर दुसऱ्यात जाण्यासाठी सामील झाल्यापासून एक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. म्हणून मित्रांना भरून जागा घालवू नका. आणि आपल्या प्रतीवर खेळताना घरातल्या कोणी फसवेगिरी केली व त्याच्यावर बंदी आली, तर त्या गेमपुरती बंदी आपल्यावरही येते.

मोबाईल नंबरकडेही लक्ष हवं. शिकायला परदेशी गेलेल्या मुलाचं इथलं प्रीपेड सिम रिचार्जविना पडून राहतं. सलग ९० दिवस वापर झाला नाही, तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. अकाउंटचा कोड त्याच नंबरवर येत असेल, तर अडचण उभी राहते. त्यामुळे सामानाची यादी करताना एक ओळ आणखी घाला : जाण्यापूर्वी सगळ्या अकाउंटवरचा नंबर आणि ईमेल तपासणे.

आणखी एक गोष्ट घरात बोलून ठेवावी अशी आहे. स्टीमच्या करारानुसार अकाउंट विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. घराची, दागिन्यांची वाटणी होते तशी या गेम्सची होत नाही. ज्या गेमला घरात खास जागा आहे, दोघा भावंडांनी मिळून पूर्ण केलेला किंवा बाबांनी त्यांच्या तरुणपणी खेळलेला, तो जीओजीवर मिळत असेल तर तिथून घेऊन त्याची फाइल घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात तिथल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नसल्याचं आढळलं. आज सहज मिळणारा गेम वीस वर्षांनी मिळेलच, असं धरून चालता येत नाही.

यादी झाल्यावर

यादी पूर्ण झाली की तीच आपल्याला काही सांगू लागते. पैसे देऊन घेतलेले आणि एकदाही न उघडलेले गेम बहुतेकांच्या यादीत निघतात. त्यात शरमण्यासारखं काही नाही, न वाचलेली पुस्तकं घरोघरी असतात. पण पुढच्या सेलच्या वेळी आधी यादी उघडायची, तिथले दोन न खेळलेले गेम निवडायचे आणि मगच दुकानात शिरायचं, एवढा नियम केला तर वर्षाकाठी बरेच पैसे वाचतात.

येत्या सुट्टीत एक दुपार यासाठी काढा. पहिल्या तासात अकाउंटच्या दहा ओळी लिहा, ईमेल आणि नंबर तपासा. दुसऱ्या तासात प्लेनाइट जोडा. हे करताना आई-बाबांना शेजारी बसवा. पैसे कशावर गेले ते त्यांना कळेल, आणि कोणता ईमेल कोणी, कधी काढला होता, हे पुष्कळदा त्यांनाच आठवेल.